हसऱ्या घरातली आई

“आई, ऊठ ना. आता आजी पिवळी होईल.”

दुपारची वेळ होती. डोकं फुटायला आलं होतं म्हणून मी ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधून पडले होते. पिवळी म्हटल्यावर मला आधी कावीळच आठवली. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत त्या महिन्यात दोघातिघांना झाली होती. मी धडपडत उठले आणि भिंतीला धरत बाहेर आले. सासूबाई गॅलरीत बसून जुन्या स्वेटरची बाही उसवत होत्या. रंग नेहमीचाच.

“का गं उठलीस?” त्या म्हणाल्या. “पड की जरा. चेहरा बघ कसा झालाय.”

“तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“मला काय धाड भरलीय?”

रेणू माझ्या मागोमाग आली होती. तेव्हा ती दुसरीत होती. छातीशी टॅब धरलेला, आणि नजर आजीकडे; आजीच्या चेहऱ्याकडे नाही, डोक्याच्या जरा वर, जिथं काहीच नव्हतं.

मी तिला आत घेऊन गेले. “पिवळी होईल म्हणजे काय?”

“तू किती वेळ आडवी आहेस. चहापण नाही टाकलास.”

“माझं डोकं दुखतंय रेणू.”

“हो, पण आजीला ते दिसत नाही ना. आजीला फक्त चहा दिसतो.” ती हे अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. तक्रार नव्हती. पाढा म्हणून दाखवावा तसं.

मग तिने मला टॅब दाखवला. त्यात एक घर होतं, पुढची भिंत काढून टाकल्यासारखं. कोचावर आजी, खुर्चीत पेपर धरलेले बाबा, अभ्यासाला बसलेली मुलगी. प्रत्येकाच्या डोक्यावर एक गोल. हिरवा असला की सगळं छान, मग पिवळा, मग लाल. स्वयंपाकघरात आई होती. तिच्या डोक्यावर गोल नव्हता. तिला बोटाने हलवायचं: ओट्याकडे, कोचाकडे, दाराकडे, पुन्हा ओट्याकडे. मध्येच तिला स्टुलावर बसवायचंही बटण होतं, पण ती बसली की बाकीच्यांचे गोल रंग बदलायला लागायचे.

“आईचा गोल कुठाय?” मी विचारलं.

“आईला नसतो,” रेणू म्हणाली. “आई खेळायची असते.”

मी पुन्हा जाऊन पडले, पण झोप कसली लागतेय. ओढणीखालून मला सारखं वाटत होतं, की ती दारात उभी राहून माझ्याकडे बघते आहे आणि बोटाने मला कुठं न्यायचं ते ठरवते आहे.

हा गेम माझ्या धाकट्या दिरांनी, सौमित्र भाऊजींनी केला होता. पुण्यातली नोकरी सोडून ते स्वतःचं काही करायला म्हणून सांगलीला आमच्याकडे येऊन राहिले होते. हॉलमधलं जेवणाचं टेबल हेच त्यांचं ऑफिस. तिथं बसलं की स्वयंपाकघरातला ओटा सरळ समोर दिसायचा.

आणि असा गेम करा, असं मीच त्यांना म्हटलं होतं. रेणू काय बघते, काय खेळते, यावर माझा डोळा असायचा. प्रत्येक गेम आधी मी खेळून बघायची. कुणी कुणाच्या डोक्यात गोळी घालतंय, कुठं रक्ताचं थारोळं, कुठं अर्ध्या कपड्यांतल्या बायका. आणि लहान मुलांचे म्हणवणारे होते ते तर इतके गुळचट, की मुलगी दुसऱ्या दिवशी हात लावत नसे. “सगळ्यांसमोर आवाज मोठा करून खेळता येईल असं काहीतरी काढा ना,” असं मी एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाले होते. “आणि त्यात एखादी गोष्ट असू दे. चांगली.” भाऊजी तेव्हा लॅपटॉपवरून मान वर करून हसले होते.

त्याच रात्री जेवताना मी विषय काढला.

“भाऊजी, त्या गेममधली आई बसली की आजी पिवळी का होते?”

“टेन्शन,” ते घास चावत म्हणाले. “गेममध्ये टेन्शन पाहिजे वहिनी. मारामारी नको, भुतंखेतं नकोत, तुमच्या सगळ्या अटी पाळल्या. मग टेन्शन आणायचं कुठून? शेवटी सापडलं. घरातच असतं की.”

“आणि गोष्ट?”

“हीच गोष्ट. सगळे हिरवे राहिले की घर हसतं. म्हणून तर नाव ‘हसरं घर’.”

“ही गोष्ट नाही, ही मोलकरणीची हजेरी झाली.”

हेरंबने, माझ्या नवऱ्याने, ताटातून मान वर केली. “निदान कुणी गोळ्या तर घालत नाही त्यात. तूच म्हणत होतीस ना?”

“रेणूने आज मला झोपेतून उठवलं. आजी पिवळी होईल म्हणून.”

दोघे भाऊ हसले. भाऊजी तर खूशच झाले. “म्हणजे मुलांच्या मनात बसतोय तो. हे मला मॅडमना सांगायला पाहिजे.”

या मॅडम म्हणजे मगदूम बाई. जवळच्याच एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि सासूबाईंच्या ओळखीच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आमच्याकडे येणार होत्या. त्यांनी होकार दिला, की पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाकडे हा गेम जाणार होता. रेणू त्याच शाळेत.

“अजून एक,” मी म्हणाले. “ती आई बोलते तो आवाज कुणाचा आहे? कुठंतरी ऐकल्यासारखा वाटतो.”

“मिळतात असे आवाज,” भाऊजी म्हणाले आणि आमटी वाढून घ्यायला लागले.

मी टॅब कपाटात वर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो भाऊजींनी काढून रेणूला दिला, सराव व्हायला हवा म्हणून. कारण हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर टीव्हीवर गेम खेळून दाखवणार होती रेणू. आणि त्या वर्षीचं वाणही तेच होतं. डबे नाहीत, कुंकवाचे करंडे नाहीत. तिळगुळाच्या पुडीबरोबर एक रंगीत कार्ड, त्यावरचा नंबर टाकला की गेम फुकट. कल्पना भाऊजींची. वाण कुणी नको म्हणत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. आणि ते लुटायचं घरच्या सुनेच्या हातून. म्हणजे माझ्या.

त्या संध्याकाळी हॉल बायकांनी भरला होता. अत्तर, गजरे, कुणाच्या तरी पैठणीचा डांबरगोळ्यांचा वास, आणि तिळाच्या वड्यांचा खमंगपणा, सगळं एकात एक. मी कोयरी घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत होते आणि पदर पुढं केला की त्यात कार्ड ठेवत होते. कार्डावर तीच आई. हसणारी, अंगात गाऊन, वरून ओढणी, केस क्लचरने वर बांधलेले. चार-पाच जणींना देऊन झाल्यावर मला दिसलं, की तिच्या डाव्या मनगटावर एक तपकिरी डाग आहे.

माझ्या डाव्या मनगटावर आहे तसा. कुकरच्या वाफेने पोळलेलं.

मी पुढच्या बाईपुढं वाकले. हळद बोटाला चिकटली होती, ती जाईना.

भाऊजींनी टॅब टीव्हीला जोडला. मगदूम बाई कोचावर मधोमध बसल्या होत्या. रेणू खणाचं परकर-पोलकं घालून टीव्हीसमोर बसली आणि खेळायला लागली. छान खेळत होती. सराव झाला होता ना. आई ओट्याकडे, आई कोचाकडे, गोल हिरवेगार. बायका कौतुकाने बघत होत्या, थोड्या कंटाळतही होत्या. टीव्हीवरच्या आजीच्या डोक्यावर चहाचा कप उमटला. रेणूने बोट लावलं, आणि मोठ्या आवाजात हॉलभर ऐकू आलं, “आले हं, आले.”

शेजारच्या गुळवणी काकू फस्सकन हसल्या. “अगं बया, हा तर तुझा आवाज.”

“कुणाचा?” मी म्हणाले.

“तुझाच. रोज भिंतीतून ऐकते की मी. रेणू, परत लाव गं.”

रेणूने परत लावला. आले हं, आले. शेवटी एक बारीकसा खोकला होता. आदल्या थंडीतला माझा खोकला. आणि आवाजाच्या पाठीमागं, दबलेली, अर्धवट निघणारी शिट्टी. आमच्याच कुकरची. रबर सैल झालं होतं तेव्हाची.

“ओळखलंत ना काकू?” भाऊजी अगदी फुलून गेले होते. “वहिनींचाच. मुद्दाम त्यांना न सांगता घेतला. सांगून घेतला की ते नैसर्गिक येत नाही. हा हाताचा डागसुद्धा बघा. म्हटलं, आई करायची तर आपल्या वहिनींसारखीच करायची.”

“नशीब काढलंस गं,” कुणीतरी मला म्हणालं. “दीर एवढं करतो का कुणाचा.”

कोयरीतल्या कुंकवाचा वास नाकात गेला आणि तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. महिनोन्महिने हा माणूस माझ्या हातचं जेवत होता, समोर बसून मी कशी वाकते, कशी खोकते, कुठं भाजते ते टिपत होता, आणि त्यातून त्याला एवढंच कळलं होतं, की मी कुठं कुठं चालते. मी रेणूकडे बघितलं.

रेणू टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. डोक्याच्या वर नाही, सरळ तोंडाकडे.

मग ती वळली आणि तिने त्या आईला स्टुलावर बसवलं.

“रेणू, चहा राहिला,” भाऊजी म्हणाले.

रेणूने बोट उचललं आणि हात मांडीत घेतले. आजीचा गोल पिवळा झाला.

“उठव तिला.”

“बसू दे की,” चौगुले वहिनी मागून म्हणाल्या. “माझ्या घरी एव्हाना जांभळी झाली असती म्हातारी.”

हशा पिकला. बाबांचा गोल पिवळा झाला, पेपरसकट ते थरथरायला लागले.

“हे बघ, याला पेपर वाचता वाचता कसं कळलं गं ती बसली ते?”

“कळतं. आमच्या ह्यांना झोपेत कळतं.”

“आजी लाल झाली, आजी लाल झाली.”

“होऊ दे. पाणी मार म्हणावं तोंडावर.”

“रेणू,” भाऊजी पुढं झाले, “बाळा, दे बघू इकडे.”

“अरे थांब रे सौमित्र,” गुळवणी काकूंनी त्यांना हाताने मागं सारलं. “आत्ता कुठं रंगतंय.”

खरंच रंगलं होतं. मागच्या बायका उभ्या राहून बघत होत्या. कुणी म्हणत होतं, आता ही उठेल. कुणी म्हणत होतं, बघ, नाही उठणार. टीव्हीवर सगळे गोल लाल झाले, घर हलायला लागलं, ताटं पडली. आणि मग ती आई आपणहून उठली. ओट्याकडे गेली नाही. खुंटीवरची पर्स घेतली, दार उघडलं आणि बाहेर पडली.

मोठी अक्षरं आली: घर रडलं. पुन्हा प्रयत्न करा.

पण अक्षरांच्या मागं रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावरून ती चाललीच होती.

“काका, ती कुठं चाललीय?” रेणूने विचारलं.

“कुठं नाही. संपला गेम.”

“पण ती चालतेय.”

“ते तसंच राहिलंय. तिला थांबवायचं राहून गेलं माझ्याकडून.”

“माहेरी चालली असणार,” एक जण म्हणाली.

“माहेरी कशाला? तिथंपण ओटाच आहे.”

“सरळ सिनेमाला जाईल. पर्स घेतलीय बघ तिनं.”

“एकटीच?”

“मग काय तुझ्या नवऱ्याबरोबर?”

पुन्हा हशा. कितीतरी वेळ त्या बाईला त्या कुठं कुठं पाठवत राहिल्या. नोकरीवर, भिशीला, बदामीच्या ट्रिपला. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्या एकट्याच हसत नव्हत्या.

मगदूम बाई उठल्या, पदर सारखा केला. “सौमित्र, चांगला आहे. स्वच्छ आहे, कुठं काही वावगं नाही. शेवट तेवढा मुलांसाठी बरा नाही. तो काढा, मग आपण बोलू.”

“आजच काढतो मॅडम.”

मी बाईंना हळदकुंकू लावलं. त्यांनी पदर पुढं केला. मी कार्ड दिलं.

बायका गेल्यावर मी सतरंजीवर सांडलेले तीळ गोळा करत होते. भाऊजी लगेच लॅपटॉप उघडून बसले होते. हेरंब खुर्च्या परत करायला खाली गेला होता. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

“सोपं आहे,” भाऊजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “बसायचं बटणच काढून टाकतो. ती बसलीच नाही तर कुणी लाल होणार नाही. कुणी लाल झालं नाही तर ती जाणार नाही. विषय संपला.”

मी हातातले तीळ कागदावर ठेवले. “माझा आवाज काढा त्यातून.”

“वहिनी, असा आवाज मिळणार नाही दुसरा.”

“काढा. आणि हातावरचा डाग काढा.”

“अहो, पण मी कौतुक म्हणून...”

“मला शिसारी येते भाऊजी,” मी म्हणाले. आवाज चढवला नव्हता. “तुम्ही समोर बसलात तरी येईल आता.”

त्यांनी खांदे उडवले. “ठीक आहे. बघा, तुमच्यासमोर काढतो.” त्यांनी काहीतरी उघडलं, चुकून दोनदा दाबलं गेलं, आणि त्यांनी मोबाइलवर मुळात टिपलं होतं ते सगळं वाजायला लागलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग भाऊजींचा स्वतःचा, कंटाळलेला आवाज: “वहिनी, चहाचं काय झालं? केव्हाचा सांगतोय.” मग कुकरची शिट्टी. मग मी: आले हं, आले.

त्यांनी घाईघाईने लॅपटॉप मिटला.

“हा कोण?” सासूबाई म्हणाल्या.

“कोण?”

“चहा मागणारा. ही काही ती कोचावरची म्हातारी नव्हे.”

“आई, गेम आहे तो. तिथं आजीच शोभते.”

“शोभते काय.” त्या उठून टेबलापाशी आल्या. बत्तीस वर्षं शिवणाच्या वर्गात मुलींना शिकवताना टाका चुकला की ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, “लाल होणारा तू. रंग मला फासलास. चारचौघींत बसवून.”

“तसं नाही गं.”

“आणि त्या म्हातारीला एकही बटण नाही. उठायला नाही, बोलायला नाही. दिवसभर नुसती रंग बदलते. सरडा आहे का ती?”

“आजीला कशाला पाहिजे बटण?” भाऊजी म्हणाले. ते खरंच विचारत होते. हे त्यांना खरंच सुचलेलं नव्हतं, हे दिसत होतं.

मिटलेल्या लॅपटॉपवर तिळाचे दोन दाणे पडले होते, ते सासूबाईंनी बोटाने टिपून कागदावर टाकले आणि त्या गॅलरीत गेल्या.

भाऊजींनी माझा आवाज काढला, एवढं मात्र खरं. बसायचं बटणही काढलं. संध्याकाळ सरायच्या आत टॅब रेणूच्या हातात दिला. “घे. आता खेळून बघ.”

ती खेळली. आईला ओट्याकडे नेलं, दाराकडे नेलं. स्टूल होतं तिथं तीन-चारदा बोट लावून बघितलं. मग टॅब टेबलावर ठेवला.

“काय झालं?” भाऊजी म्हणाले. “सगळं हिरवं आहे की.”

“हो,” रेणू म्हणाली. “मग?”

“मग काय मग?”

“यात आता काही होतच नाही.” आणि ती चपला घालून खाली गेली.

हा गेम पुढं शाळेत गेला. दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात ती आई आले हं म्हणते, आणि मगदूम बाईंच्या मते तो अजूनही स्वच्छ आहे. भाऊजी परत पुण्याला गेले. या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली. कुठं कुणी ‘कुटुंबासोबत खेळा’ म्हणून काही दाखवलं, की मी आधी त्यातली आई शोधते.

पण त्या संध्याकाळचं थोडं सांगायचं राहिलं. आवरून झाल्यावर मी गॅलरीत गेले. सासूबाई कठड्याला टेकून खाली बघत होत्या. पार्किंगमध्ये मुलींनी दोन स्कूटरच्या मध्ये विटा मांडून एसटी केली होती. हळदीकुंकवाला आईबरोबर आलेल्या, अजून नव्या कपड्यांतल्या मुली. एक गळ्यात पाण्याची बाटली अडकवून कंडक्टर झाली होती. रेणू खांद्याला कुणाची तरी पर्स लावून, परकर उचलून धरत, गाडी सुटायच्या आत पोचायला हवं अशी चालत येत होती.

“हिचं काय चाललंय?” मी म्हणाले.

“ती आई झालीय,” सासूबाई म्हणाल्या. “ती टीव्हीतली. घरातनं निघून इथवर आलीय. मघाशी पूल लागला, तिथं तिला कुत्रं आडवं आलं. गप्प राहा, ऐकू दे.”

गुळवणी काकूंची नात घरातली मुलगी झाली होती. ती मागून ओरडत आली, “आई, आजी लाल झाली.”

“आजीला सांग,” रेणू म्हणाली, “चहाचा डबा फळीवर आहे. आणि तूपण येणार असशील तर लवकर ये.”

ती मुलगी थबकली. असं काही होईल हे तिला माहीत नव्हतं. क्षणभर मागं बघितलं आणि पळत येऊन गाडीत चढली. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांना कळलंही नसावं.

कंडक्टरने डबल बेल मारली. “ओ बाई, कुठलं तिकीट देऊ?”

रेणू विटांवरून आत शिरली, पर्स काढून मांडीवर ठेवली, परकर सारखा केला.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “आधी खिडकीपाशी बसू दे. मग सांगते.”